लाभावरचं नाव

सुकन्या माझी धाकटी बहीन. सख्खी. माझ्याहून बारा वर्सांनी ल्हान. हे आधीच सांगून ठेवतो, कारन पुढचं ऐकल्यावर तुमाला वाटंल, ही कोन परकी हुती का काय. परकी न्हाई. ती पाळन्यात हुती तवा पाळन्याची दोरी माझ्या हातात हुती. आई उसाला पानी धराया गेली की हिला दुधाची वाटी मी पाजायचो.

मी कानिफनाथ. घोडेगावच्या बाजारात कोनालाबी इचारा, म्हशींचा हेडी कानिफ कुटं बसतो. माझ्या टेम्पोपोतर आनून सोडत्याल. हेडी म्हंजे जनावरांचा व्यापारी. शाळा सातवीपोतर झाली. पुढं मला शाळंची गरज वाटली न्हाई. म्हशीचं तोंड उघडलं की वय सांगतो, चाल बघितली की दूध सांगतो. कर्जतपासून मानसं येत्यात मला इचाराया. आमच्या वस्तीवर दावनीला धा म्हशी कायम. एक इकली की त्याच सांजंला मागच्या सगळ्या एकेक खुटा पुढं सरकवायच्या. मोकळा खुटा ठेवायचा न्हाई, ही आमच्या घरातली रीत. बापानं घातली, त्याच्या माघारी मी पाळतो.

पन गोष्ट सुकीची हाय.

सुकी बोलाया लई उशिरा लागली, पन मोजाया लवकर लागली. गव्हानीच्या कट्ट्यावर बसून पाय हालवत म्हशी मोजायची. मोजनी शिकवली मी. आमच्याकडं ज्वारी मापाया बसलं की पहिल्या पायलीला एक म्हनत न्हाईत, लाभ म्हनत्यात. लाभ, दोन, तीन, चार. बरकत ऱ्हाती. आता हे धान्यापुरतंच हाय, पन मी म्हशीबी तशाच मोजतो, आन सुकी माझ्या तोंडाकडं बघून तेच शिकली. पहिलीत बाईंनी फळ्यावर एकाचा आकडा काढला आन इचारलं, "हे काय?" ही उठून म्हनली, "लाभ." सगळा वर्ग हासला. दुसरी पोरगी असती तर रडत आली असती. ही घरी आली, दप्तर ठेवलं आन आईला म्हनली, "बाईंना मोजता येत न्हाई."

अशी ती. हट्टी. बोलन्यापरीस इचार करनारी. इचार कराया लागली की येनीचं टोक दातात धरायची. राग आला की तोंडातनं शब्द न्हाई, नुसता खराटा घेऊन आंगन झाडायची. झाडलेलं परत झाडायची. दरेक म्हशीला नाव तिनंच ठिवलेलं. गोदा, काशी, चिमनी, रखमा. म्हैस इकली की वहीच्या मागच्या पानावर तिचं नाव लिवायची. मी म्हनायचो, "सुके, गिऱ्हाइकाला काय फरक पडतो नावानं?" तर म्हनायची, "म्हशीला पडतो."

बारावीनंतर तिला नगरला कॉलेजला घातली. सावेडीत दोन पोरींबरूबर खोली केली. तिथं जवळच एक कम्प्युटरचा क्लास हुता, पंकजा मॅडम म्हनून एक बाई चालवायच्या. कम्प्युटरवर खेळ कसं तयार करायचं ते शिकवायच्या. गावात लोक म्हनाले, पोरगी गेम खेळाया शिकाया जाती का? मी म्हनलो, खेळनारे लई झाले, माझी बहीन खेळवनारी हुनार. लॅपटॉप मीच घेऊन दिला. जुना हुता. माझ्या टेम्पोवानी कधी कधी धक्का मारावा लागायचा, पन चालायचा.

दर शनवारी ती वस्तीवर यायची आन गोठ्यापुढच्या बाजंवर लॅपटॉप घेऊन बसायची. एकदा मी मागं जाऊन उभा ऱ्हायलो.

"हे काय लिवलंस?"

"गोदाला पानी पाज. काशीला पानी पाज. चिमनीला पानी पाज."

"धाच्या धा येगळं लिवनार?"

"मग?"

"उद्या शंभर झाल्या तर?"

"तर शंभर ओळी."

"म्हातारी हुशील अशानं," मी म्हनलो. "मी दावनीवर जातो तवा धा येळा घरातनं निगतो का? एकदा पेंडीचं घमेलं उचलतो आन ह्या टोकापासनं त्या टोकापोतर चालत जातो. जी पुढं येईल तिच्यापुढं टाकायचं. तू कोन, तुझं नाव काय, असं इचारत बसत न्हाई."

तिनं येनी तोंडात धरली.

पुढच्या शनवारी आली तीच उड्या मारत. "दादा, मॅडमनी तेच शिकवलं! सगळ्या म्हशींची एकच यादी करायची. तिला टेबल म्हनत्यात. आन त्या यादीवरनं एकेकीकडं जायचं. त्याला लूप म्हनत्यात."

"लूप म्हना न्हाईतर तूप म्हना. दावन माझी हाय."

आई चुलीपुढनं म्हनली, "टेबलावर म्हशी कशा बसवनार गं?" आमी दोघं पोट धरून हासलो.

मग तिनं मला समजावून सांगितलं. त्या भाषेचं नाव लुआ. ऐकाया कोनाच्यातरी ल्हान्या पोरीचं नाव वाटतं. यादीत दरेक म्हशीचा नंबर, नंबरापुढं तिचं नाव, वय, भूक किती, तहान किती. मग कम्प्युटरला सांगायचं, पहिलीपासनं शेवटचीपोतर चालत जा आन दरेकीला पानी पाज. दोन ओळीत काम. मी म्हनलो, "हे तर मी सातवीतच करत हुतो."

तिनं यादी लिवली, बटन दाबलं. एकबी म्हैस पानी पिईना. पडद्यावर धाच्या धा म्हशी माना वर करून उभ्या, डोक्यावर तहानंची लाल खूण. दोन दिस तिनं त्यात घातलं. मी म्हनलो लॅपटॉपला झटका दे. तिनं न्हाई दिला. शेवटी मॅडमला फोन लावला, मी म्हनलो मोठ्यानं ऐकू येईल असा लाव.

"सुकन्या, पहिल्या म्हशीचा नंबर काय दिलायस?" मॅडम म्हनाल्या.

"लाभ."

"काय?"

"लाभ, मॅडम. मग दोन, मग तीन."

तिकडनं हासायचा आवाज आला. "अगं वेडे, तो आधी एक शोधतो. एक सापडला की दोनकडे जातो, दोन सापडला की तीनकडे. एकच सापडला नाही तर पुढे कशाला जाईल? तिथूनच परत फिरतो. मागे नऊ जणी उभ्या असल्या तरी त्याच्या लेखी गोठा रिकामा."

मी फोन घेतला. "मॅडम, मी तिचा थोरला भाऊ. आमच्यात पहिल्याला एक म्हनत न्हाईत."

"अहो दादा, त्याला ते कसं कळणार?"

"मग शिकवा की त्याला. क्लास कशाचा घेताय?"

मॅडम अजून हासल्या. सुकीनं माझ्या हातातनं फोन वढून घेतला. मग तिनं लाभ खोडून एक केला, आन बटन दाबल्याबरूबर धाच्या धा म्हशींनी एकामागं एक माना खाली घातल्या. खोटं सांगत न्हाई, माझ्या अंगावर काटा आला. एकाच्या शेजारी तिनं दोन आडव्या रेघा मारल्या आन त्यापुढं लिवलं, लाभ. म्हनली, "रेघांच्या पुढचं कम्प्युटर वाचत न्हाई. ते आपल्यासाठी."

असं करत दिवाळीपोतर अख्खा खेळ उभा ऱ्हायला. गोठा, दावन, आजारी म्हैस, बाजारचा दिस, समदं. गिऱ्हाईक आलं की कशी म्हैस चालवून दावायची, तेबी मी उठून, चालून दावलं. एका शनवारी ती म्हनली, "दादा, खेळ संपला की शेवटाला नावं येनार. ज्यांनी ज्यांनी मदत केली त्यांची."

"पहिलं कोनाचं?"

"तुझंच की. लाभावर तू."

आन माझ्या डोळ्यादेखत तिनं लिवलं. एकावर कानिफनाथ दादा. दोनवर आईचं नाव, चांगुणा. तीनवर पंकजा मॅडम. मग खोलीतल्या दोघी पोरी. मग धा म्हशी, शेवटाला रखमा, जी धार काढताना लाथ मारती. मी दोनदा वाचून घेतलं. माझं नाव आजवर कुटं कुटं आल्तं? आधारकार्डावर आन बाजार समितीच्या पावतीवर. बस.

मग मी शुक्करवारच्या बाजारात सांगितलं. का सांगू नये? गहिनीनाथ म्हनून माझ्याबरूबरचा हेडी हाय, जिभंला हाड न्हाई त्याच्या. तो चार मानसांत म्हनला, "शेट, तुमच्या बहिनीनं म्हशी मोबाईलात घातल्या म्हनं. शेन कोन काढतं?"

मी म्हनलो, "तुला बोलवू का कामाला?" मानसं हासली. मग मला चेव आला. मी म्हनलो, "अरे खेळ माझा हाय. डोकं माझं, दावन माझी, मोजनी माझी. सुकी नुसती बटनं दाबती. सावेडीत मोठा कार्यक्रम हाय, पडद्यावर नावं येनार, पहिलं नाव बघा कोनाचं येतंय!"

आता हे बाजारातलं बोलनं. तिथं बोलायची एक रीत असती. आठ लिटरची म्हैस आपन बारा लिटरची म्हनायची आन घेनाऱ्यानं ती नऊची ऐकायची. कोन कोनाला फसवत न्हाई, दोघांनाबी ठावं असतं. गहिनीनाथच्या हातात तवा मोबाईल हुता. तो कायम असतो, मी ध्यान दिलं न्हाई. पुढं प्रत्येक शुक्करवारी लोक इचाराया लागले, शेट, कधी हाय कार्यक्रम, नाव आल्यावर आमाला दावा. मी सगळ्यांना शबूद दिला. पहिलं नाव माझं. ह्या एका गोष्टीवर मी महिनाभर ताठ मानंनं हिंडलो.

कार्यक्रम बेस्तरवारी दुपारचा हुता. क्लासातल्या सगळ्या पोरापोरींचं खेळ दावनार, आन ज्याचा चांगला त्याला ल्हान पोरांचा वर्ग शिकवायला देनार. सुकीला तो वर्ग पाहिजे हुता. मी टेम्पो धुतला, आतनंसुदिक. पांढरा सदरा, पांढरी टोपी. आईनं तिच्या भावाकडनं आलेलं नवं लुगडं नेसलं. सावेडीत त्या हॉलपुढं सगळ्या स्कूटी उभ्या, त्यात माझा टेम्पो. वॉचमन म्हनला, सामान आनलंय का? मी म्हनलो, खेळाच्या मालकिनीचा भाऊ आनलाय.

दुसऱ्या रांगंत बसलो. शेजारी कोन्या पोराचा बाप हुता, चष्मेवाला. त्याला सांगून ठेवलं, शेवटाला नावं बघा.

सुकी पुढं आली. घाबरली न्हाई. म्हशी कशा यादीत घातल्या, कम्प्युटर एकेकीकडं कसा चालत जातो, झ्याक सांगितलं. बटन दाबलं, म्हशींनी एकामागं एक माना खाली घातल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हाताला रग लागली टाळ्या वाजवून. मग पडदा काळा झाला आन नावं वर सरकाया लागली.

पहिलं नाव आलं, चांगुणा.

मला वाटलं माझा डोळा लवला, एक नाव हुकलं. पंकजा मॅडम. मग त्या दोघी पोरी. मग गोदा. काशी. चिमनी. चष्मेवाला वाकून म्हनला, "तुमचं आलं का हो?"

"येईल," मी म्हनलो. "मोठं नाव हाय, येळ लागतो."

रखमा आली. रखमाच्या पाठीमागं काय न्हाई. दिवे लागले.

बाहेर मांडवात चहा हुता. मी सुकीला बाजूला घेतली. "सुके, माझं नाव?"

ती खाली बघत हुती. येनीचं टोक दातात. "अरे दादा, सवयीनं तुझ्यापुढं एकाऐवजी परत लाभ लिवून बसले बघ. कम्प्युटरनं तेवढं घेतलं न्हाई. तेवढं एक सुटलं."

आन मी ऐकलं! मीच तिची समजूत काढली. म्हनलो, "हुतं असं. उद्या सुधरून टाक. तुझ्या तोंडात लाभ मीच घातला, तुझी काय चूक?" एवढ्यात मॅडम आल्या, सुकीच्या पाठीवर हात ठिवला. ल्हान पोरांचा वर्ग तिलाच दिलता. मी हासत म्हनलो, "मॅडम, आज आमचा लाभ परत आडवा आला."

"लाभ? आज कुठे आला तो?" मॅडम म्हनाल्या.

सुकी मधीच म्हनली, "मॅडम, आम्हाला उशीर होतोय, आईला गाडी लागते." आईला आजवर कधी गाडी लागली न्हाई.

माघारी निगालो. मधी आई, दाराकडं सुकी. सुकी दोन दिस वस्तीवर राहनार हुती, पन म्हनली सकाळीच जाते, वर्गाची तयारी करायचीय. इमामपूरच्या घाटात टेम्पो खालच्या गेरवर टाकला. टेम्पो हळूहळू चाललाय, गेर बदलायचा न्हाई, तवा डोकं चालतं मानसाचं. मला मॅडमचा तो फोन आठवला. एकच सापडला न्हाई तर पुढं कशाला जाईल? तिथूनच माघारी फिरतो. त्या दिशी धाच्या धा म्हशी तहानंल्या उभ्या हुत्या, एकीच्याबी तोंडाला पानी लागलं न्हवतं. एकटा लाभ सुटला आन बाकी पुढं चालू, असं त्या कम्प्युटरात हुतच न्हाई.

आन इथं तर आईपासनं रखमापोतर सगळे आले. हुकलं एकच नाव.

माझी सातवी झालीय. पन तेवढं मला कळतं.

आईपुढं काय बोललो न्हाई. वस्तीवर आलो तवा अजून ऊन भिंतीवर हुतं. धारंची येळ. सुकी कपडं बदलून काशीखाली बसली हुती. मी पेंडीचं घमेलं घेऊन तिच्या मागं उभा ऱ्हायलो.

"सुके, एक न्हाई सापडला की काय हुतं?"

"कशाचं?"

"तुझ्या लुआचं."

धारंचा आवाज हळू झाला. "माघारी फिरतं," ती म्हनली.

"मग आई कशी आली? मॅडम कशी आली? रखमा कशी आली?"

धार थांबली.

"एकावर कोनतरी हुतं, सुके."

"आई हुती."

"आन मी?"

काशीनं मान वळवून तिच्याकडं बघितलं, धार का थांबली म्हनून.

"मला सोडलं," मी म्हनलो, "आन मागच्या सगळ्यांना एकेक खुटा पुढं सरकवलं. व्हय का न्हाई?"

"व्हय."

मी घमेलं खाली ठिवलं. टाकलं न्हाई, ठिवलं. ती उठली, दुधाची चरवी बाजूला सारली, कमरंचा मोबाईल काढला आन माझ्या हातात दिला. त्यात मीच हुतो. बाजारात, पाठीमागं म्हशी, तोंड हे एवढं उघडं. खेळ माझा हाय. सुकी नुसती बटनं दाबती. गहिनीनाथनं घेतला हुता. त्यानं गावच्या ग्रुपवर टाकला, तिथनं कोनी उचलला आन सावेडीला क्लासातल्या पोरींपोतर गेला.

"परवा मॅडमनी मला आत बोलावलं," सुकी म्हनली. "म्हनल्या, सुकन्या, खरं सांग, तुला कोन करून देतं? मी त्यांच्यापुढं बसून कोऱ्या कागदावर समदं परत लिवून दावलं. पोरी काचंतनं बघत हुत्या."

"अगं ती बाजारात बोलायची रीत हाय. तुला ठावं न्हाई का?"

"मला ठावं हाय. सावेडीला न्हाई. पडद्यावर पहिलं तुझं नाव आलं असतं तर सगळ्यांनी काय म्हनलं असतं? मला वर्ग मिळाला असता का?"

"मग मला सांगायचं! सरळ. दादा, तुझं नाव काढते."

"सांगितलं असतं तर गप बसला असतास?"

"स्टेजवर चढून त्या मॅडमला चांगलं—"

"तेच," सुकी म्हनली.

गोठ्याच्या दारात आई उभी हुती. ती म्हनली, "कानिफ, तिच्यावर वरडू नगं. ती मला म्हनली हुती. म्याच म्हनलं, सांगू नगं त्याला, चिडंल आन येनार न्हाई."

म्हंजे आईलाबी ठावं. तिघांच्या घरात दोघींना ठावं, आन मी टेम्पो आतनं धुवून, टोपी घालून दुसऱ्या रांगंत बसलेलो. शेजारच्या चष्मेवाल्याला सांगत हुतो, मोठं नाव हाय.

मी काय म्हनतो, नाव काढलं ते मी सोसलं असतं. दोन दिस बोललो नसतो, तिसऱ्या दिशी भाकर खाल्ली असती. गहिनीनाथचंबी मला काय न्हाई, तो हेडी हाय, त्याचा धंदाच जीभ. पन तिनं माझ्या तोंडावर सांगितलं, लाभ लिवला म्हनून सुटलं. लाभ तिला कोनी शिकवला? दोन वर्साची हुती, माझ्या मांडीवर बसून म्हनायची. तोच शबूद उचलला आन माझ्याच डोळ्यात धूळ टाकली. का? तर दादाला काय कळतंय, दादा सातवी. पुढं तिनं कितीबी पोरं शिकवू दे, पन मला येडा समजली ते मला लागलं. आन मी तिची समजूत काढत बसलो हुतो, मांडवात, चहाचा कप हातात घेऊन.

सुकीनं कोपऱ्यातला खराटा घेतला आन आंगन झाडाया लागली. मी उरलेली धार काढली. रखमानं लाथ मारली. मी तिलासुदिक काय म्हनलो न्हाई. रातच्याला भाकरी खाल्ली, पान्यासारखी लागली, आन झोपलो.

सकाळी शुक्करवार. दोन म्हशी टेम्पोत चढवल्या. सुकी बॅग घेऊन आली. म्हनली, "दादा, मला घोडेगावच्या स्टँडवर सोड." मी दार उघडलं. बाजाराच्या दारातच गर्दी हुती, टेम्पो थांबवावा लागला. तेवढ्यात गहिनीनाथ धावत आला. पाठीमागं पाच-सहा हेडी. हातात मोबाईल.

"या शेट! क्लासवाल्यांनी काल खेळ टाकला, ग्रुपवरनं आमच्या मोबाईलवर आला, रात्री सगळ्यांनी खेळला. म्हशी एक लंबर! पन शेट, शेवटाला धा म्हशींची नावं हायती, तुमचं कुटं दिसंना. का तुमालाच इकलं?"

सगळे खदाखदा हासले. सुकी शेजारी बसलेली, मांडीवर बॅग, पुढच्या काचंतनं सरळ बघत. माझ्या तोंडात शिव्या आल्या. तुझ्या मोबाईलनं केलं हे, असं आलं. बहिनीनं नाव काढलं, असंबी आलं. पन ते बाहेर पडंना. पाच-सहा मानसांपुढं बहिनीनं मला खोडलं, हे शबूद माझ्या तोंडातनं कसे निघावे?

"मीच काढाय लावलं," मी म्हनलो.

"आँ? का?"

"खेळ तिचा हाय. सगळा तिनं केला. माझं नाव कशाला?"

गहिनीनाथ डोळे बारीक करून म्हनला, "मग त्या दिशी तर म्हनत हुता, सुकी नुसती बटनं—"

"त्या दिशी मोबाईल धरला हुतास ना? धर आता. धर म्हनतो ना!"

त्यानं धरला. मी टेम्पोतनं खाली उतरलो, टोपी नीट केली आन मोबाईलकडं बघून म्हनलो, "खेळ सुकन्यानं केला. मी म्हशी इकतो." एवढंच. लांबवलं न्हाई.

"आता पाठव," मी म्हनलो. "पहिला जिथं जिथं गेलता तिथं तिथं."

पलीकडच्या दारानं सुकी उतरली. नगरची गाडी स्टँडला लागलेली दिसत हुती. ती टेम्पोला वळसा घालून माझ्यापुढं आली, बॅग खांद्यावर घेतली.

"दादा, येते मी."

मी तोंड फिरवलं. पाठीमागं गेलो, टेम्पोचा फाळका सोडला, म्हशीच्या दाव्याला हात घातला आन तिला खाली उतरवाया लागलो.